रवळू चिताऱ्याने कोणाकोणाला विचारलं

कोकणातल्या एका लहानशा गावात रवळू नावाचा चितारी राहायचा. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करून ती रंगवणारा. रवळूने केलेला लाकडी आंबा पाहून पोरं तो चावायला जायची, आणि मोठी माणसंही हळूच नाकाशी धरून बघायची. घरात म्हातारी आई, बायको शेवंता आणि दोन पोरं. रवळूच्या हातात कला होती, पण गाव पडलं छोटं. खेळणी घेणार कोण आणि किती? लोक कौतुक मात्र भरपूर करायचे. कौतुक काही तव्यावर भाजून पोरांना वाढता येत नाही.

एके दिवशी घाटावरच्या राजधानीतून राजाचा कारभारी आला. शेवंता ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती, आणि आई आतल्या खोलीत निजली होती. कारभारी अंगणातच रवळूशी बोलला.

"राजेसाहेब खेळण्यांचा कारखाना काढतायत. तू चल. राहायला घर मिळेल आणि बारा महिने काम. पण बिऱ्हाड घेऊन यायचं. मागचा कारागीर एकटाच आला आणि पोरांच्या आठवणीने पळून गेला. तेव्हा घरच्यांच्या खुशीने येणार असशील तरच ये. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी परत येतो, तेव्हा काय ते सांग."

कारभारी गेला आणि रवळूच्या डोक्याला भुंगा लागला. जावं तर गाव सुटणार. राहावं तर असंच रडतखडत दिवस काढायचे. तिकडे राजाची मर्जी फिरली तर? पोरांना करमलं नाही तर? आणि नाही म्हटलं, आणि उद्या पोरं उपाशी निजली, तर?

आता असा माणूस काय करील? घरात जाईल, चार माणसांत बसेल आणि म्हणेल, असं असं आहे, काय करू या? रवळूने तसं केलं नाही. आई म्हातारी, ती उगाच घाबरेल. शेवंता रडेल. आधी आपलं ठरू दे, मग सांगू. असा विचार करून तो गप्प बसला आणि बाहेर विचारायला निघाला.

शेजारचा तात्या म्हणाला, "डोळे मिटून जा. असा योग पुन्हा येत नाही."

सुतार म्हणाला, "तिकडचं पाणी जड. पोरं आजारी पडतील."

सुताराने ते पाणी कधी प्यायलं होतं का? छे. तो आयुष्यात बाजाराच्या गावापलीकडे गेला नव्हता. तात्या तर बाजारालासुद्धा मुलाला पाठवायचा. पण सल्ला द्यायला कोणाचं काय जातं? रवळू तात्याकडून निघाला की त्याला जावंसं वाटायचं, आणि सुताराच्या दारावरून आला की राहावंसं वाटायचं.

पावसाळा तोंडावर आला होता. सगळ्या गावाने घरं शाकारून घेतली. रवळूचं छप्पर तसंच उघडं पडलं होतं. जायचंच असेल तर शाकारायचं कशाला, आणि राहायचं असेल तर पाऊस कोणासाठी थांबतो? तो रोज छपराकडे बघायचा आणि खाली मान घालून कामाला बसायचा. कामातही लक्ष नसायचं. एकदा तर त्याने केळ्याला लाल रंग दिला.

घरातली माणसं काय आंधळी होती? शेवंताने विहिरीवर आपल्याच घराची बातमी दुसरीच्या तोंडून ऐकली. "काय गं, राजधानीला चाललात म्हणे?" तिच्या हातातली कळशी तशीच राहिली. ती हसली आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण मनात तिला फार लागलं. सांगायचं असेल तर सांगतील, आपण होऊन विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. अंगणात आमसुलं वाळत होती. ती बरणीत भरून ठेवावीत की गाठोड्यात बांधावीत, तेही तिला कळेना. थोरली मुलगी विचारायची, "आई, गेलो तर माझी मांजर येणार का?" शेवंता म्हणायची, "मला कुठे काय ठाऊक आहे, बाळा." मग ती पोर मांजर पोटाशी धरून बसून राहायची.

म्हातारीच्या कानावरही ते गेलंच. तिला वेगळीच धास्ती. ही सगळी जातील आणि मला इथेच ठेवतील. तेव्हापासून ती रोज सकाळी काठी टेकत ओढ्यापर्यंत चालत जायची आणि धापा टाकत परत यायची. मुलाने नेलं तर वाटेत आपलं ओझं होऊ नये, म्हणून हा सराव. रवळूने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आईचा पाय या ओढ्यावरून निघत नाही. तो आणखीच गप्प झाला.

असं ते एका छपराखाली राहत होते. प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला, आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हतं.

शेवटी रवळू देवळात गेला. तिथे कौल लावायची रीत होती. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. रवळूने विचारलं, "राजधानीला जाऊ का?" उजवी कळी पडली. रवळू खुशीत निघाला, आणि पायऱ्या उतरेपर्यंत त्याच्या मनात पाल चुकचुकली. 'जाऊ का' विचारलं, 'सगळ्यांना घेऊन जाऊ का' कुठे विचारलं? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. या वेळी डावी पडली. आता तर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच तो तिसऱ्यांदा देवळात हजर झाला. गुरवाने कळ्यांची परडी बाजूला ठेवली.

"रवळू, घरात काय म्हणतात?"

"घरात अजून बोललो नाही. म्हटलं, देवानेच सांगितलं तर माझ्या माथी काही राहणार नाही. उद्या वाईट झालं तर कोणी मला बोलणार नाही."

"म्हणजे तुला कौल नकोय, बोलणी खायला कोणीतरी हवाय. घरी जा आधी. घरच्यांशी बोल, आणि तरी अडलं तर ये."

रवळूला ते पटलं. तो झपाझप घराकडे निघाला. पण तोवर कारभारी त्याच्या दाराशी येऊन गेला होता.

कारभाऱ्याने शेवंताला विचारलं होतं, "वहिनी, येताय ना सगळी? घर झाडून तयार ठेवलंय."

शेवंता खरं तेच बोलली. "मला काही ठाऊक नाही. मला कोणी विचारलेलं नाही."

कारभारी म्हातारीकडे वळला. म्हातारी म्हणाली, "मला तर कोणी सांगितलंही नाही, बाबा."

कारभाऱ्याने मान हलवली. "घरात शब्दही निघाला नाही म्हणजे याला यायचं नाही. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं." खाडीपलीकडच्या गावात दुसरा चितारी होता. कारभारी त्याच्याकडे निघून गेला.

रवळू घरी आला, त्याने हे ऐकलं आणि तसाच धावत सुटला. खाडीवर पोचला तेव्हा होडी पलीकडे लागली होती. कारभारी उतरून चालू लागलेला दिसत होता. रवळूने हाका मारल्या, पण तिथवर त्या पोचल्या नाहीत, आणि होडी काही लगेच परतणार नव्हती. पलीकडच्या चिताऱ्याने मात्र कारभाऱ्याचं ऐकताच बायकोला हाक मारली, ओट्यावर बसून दोघं घटकाभर बोलली, आणि बिऱ्हाड हललं. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत आली.

रवळू पडवीत डोकं धरून बसला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "पण तुम्ही दोघी आला असतात का गं? गाव सोडून जायचं म्हणजे काय सोपं असतं?"

शेवंता इतके दिवस गप्प होती. आता ती बोलली.

"गाव सोडणं काय असतं ते तात्याला विचारलंत, सुताराला विचारलंत, देवालाही विचारलंत. त्यांतलं कोणी कधी गाव सोडलंय का? मी सोळाव्या वर्षी माझं गाव सोडून इथे आले. तुमची आई तीन डोंगर पलीकडून आली. या घरातल्या मोठ्या माणसांत गाव न सोडलेले तुम्ही एकटेच आहात."

म्हातारी म्हणाली, "तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, रवळू. आत्ता तू विचारशील, असं वाटलं होतं."



तात्पर्य: ज्या वाटेने साऱ्या घराला चालायचं आहे, ती वाट धरावी की नाही हे घरातच बसून, घरच्यांना विचारून ठरवावं.