छत्रीवाल्याच्या भिंतीवरच्या किल्ल्या

फार पूर्वी, छत्र्या जाड कापडाच्या आणि कुलपं पितळेची असत त्या काळी, एका बाजारगावात एक छत्रीवाला राहत असे. चौकातल्या ओट्यावर सकाळी बसला की दिवेलागणीलाच उठे. म्हणून गावात एक रीत पडून गेली होती. शेतावर, लेकीकडे, जत्रेला जाणारा माणूस घराला कुलूप लावी आणि किल्ली छत्रीवाल्याकडे ठेवून जाई. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती. कोणाची किल्ली लुगड्याच्या काठात बांधलेली, तर कोणाची कवडीसोबत दोऱ्यात ओवलेली. रीत त्याच्या बापापासूनची, आणि तिचा त्याला कोण अभिमान!

एकदा कुंभाराची किल्ली नदीत पडली. घर बंद, बाहेर पोरं भुकेली. छत्रीवाल्यानं मोडक्या छत्रीची एक काडी घेतली, घासली, वाकवली आणि खुडबूड करून कुलूप उघडून दिलं. कुंभारीण म्हणाली, "देवासारखे धावून आलात!" इथवर सगळं ठीक होतं.

पण कौतुक फार गोड असतं. छत्रीवाल्याला त्या कलेचा नादच लागला. आज आकडा, उद्या चिमटा, परवा उलथन्याचा दांडा. घरातली जी वस्तू हाती लागेल तिची तो काडी करी आणि बायकोच्या ट्रंकेचं कुलूप उघडून बघे.

"अहो, भाकरी आता हातानं उलटायची का मी?" बायको करवादली.

तो नुसता हसला. महिन्याभरात त्याच्याजवळ दहा-बारा काड्यांची जुडी झाली.

चौकात एक तेली बसे. त्याला स्वतःला काही येत नसे, पण दुसऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं छान जमे. एके दुपारी तो म्हणाला, "कुंभाराचं कुलूप कुणीही उघडेल. ते समोरचं उघडून दाखव, तर खरा!"

समोरचं घर गोधड्या शिवणाऱ्या म्हातारीचं. ती लेकीकडे बारशाला गेली होती. तिचं कुलूप तिच्या सासऱ्याच्या वेळचं, नारळाएवढं.

"त्याची किल्ली माझ्याकडेच आहे की," छत्रीवाला म्हणाला.

"किल्लीनं काय, माझी म्हैससुद्धा उघडेल!"

लोक हसले. छत्रीवाल्याला ते हसू झोंबलं. क्षणभर त्यानं मागे वळून भिंतीवरच्या किल्लीकडे पाहिलं, आणि मग जुडी उचलली. तिसऱ्या काडीला कुलूप उघडलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यानं आत पाऊलही टाकलं नाही. कुलूप होतं तसं लावलं आणि ऐटीत ओट्यावर येऊन बसला.

दोन दिवसांनी म्हातारी परतली. गावाच्या वेशीतच तिला सगळं कळलं होतं.

"काय रे, माझं कुलूप काडीनं उघडलंस म्हणे?"

"हो मावशी. पण आत गेलो नाही. विचारा कुणालाही."

"ते ठाऊक आहे मला. पण किल्ली तुझ्या पाठीशीच होती ना?"

"होती."

"मग?"

"जमतंय का, ते बघत होतो," तो पुटपुटला.

"माझ्या दारावर?"

छत्रीवाला शरमला. त्यानं हातोडी घेतली आणि तिच्यादेखत एकूण एक काडी ठेचून टाकली.

"झालं मावशी. एकही उरली नाही."

"बरं केलंस. पण बाबा, आजवर मी निर्धास्त असायचे. वाटायचं, किल्ली असूनही हा माझ्या दाराला हात लावणार नाही. आता वाटतं, किल्ली नसली तरी लावेल."

एवढं बोलून तिनं आपली किल्ली काढून घेतली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुंभार आला, मग न्हावी, मग सुतार. प्रत्येकानं काहीतरी निमित्त सांगितलं आणि किल्ली नेली. तेल्यानं तर सगळ्यांच्या आधी नेली होती. छत्र्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या, कारण काम चोख होतं.

पुढे जत्रा आली. एरवी सगळं गाव जाई आणि राखणीला एकटा छत्रीवाला मागे राही. त्या वर्षी घरटी एक माणूस मागे राहिलं. म्हातारी एकटीच, त्यामुळे तिची जत्रा बुडाली. ती उंबऱ्यात गोधडी शिवत बसली होती. छत्रीवाल्याला राहवलं नाही.

"मावशी, तुम्ही जा की. मी आहे ना इथं."

"तू आहेस, म्हणूनच बसले बाबा," म्हातारी म्हणाली.

त्या वर्षी छत्रीवाल्यानं जन्मात पहिल्यांदा जत्रा पाहिली. त्याला थांब म्हणणारं गावात कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: कुलूप उघडायला हुन्नर पुरतो, पण लोक किल्ली सोपवतात ती हुन्नर पाहून नव्हे, हात आवरणारा माणूस पाहून.