पकड हलली

"पण पकड हलली ना तिची, उस्ताद?"

रणपिसे साहेबांचा आवाज चढला होता. पोलीस प्रशिक्षण केंद्रात गोळीबार शिकवणाऱ्यांचे ते प्रमुख. समोर बाभळीखाली बाजेवर निवृत्त उस्ताद शिकलगार बसले होते. याच माळावर त्यांनी रणपिसेंच्या हातात पहिलं पिस्तूल दिलं होतं.

मागे सावधान उभी होती सारजा मडावी. शिकाऊ उपनिरीक्षक. आजची नेमबाजीची परीक्षा ही तिची शेवटची संधी. नापास झाली, की वर्दी उतरवून घरी.

"गोळ्या कुठे लागल्या?" उस्तादांनी विचारलं.

"मधोमध."

"गोळ्यांचं मॅगझिन वेळेत बदललं?"

"बदललं. पण कसं? पिस्तूल मुठीत फिरवून! मॅगझिन सोडायच्या बटणाकडे अंगठा न्यायचा, बटण अंगठ्याकडे आणायचं नाही. तुमचाच धडा."

"अंगठा पोचत नाही, सर," सारजा म्हणाली. "बटण पोचतं."

"तू गप्प बस!"

उस्तादांनी तिचा हात पाहिला. शाळकरी पोराएवढा.

"तेव्हा माझ्याकडे यायचे ते तुमच्यासारखे," ते रणपिसेंना म्हणाले. "फावड्याएवढे पंजे."

"म्हणून नियम बदलायचा? हिच्यासाठी मी काय कमी केलं? रबरी चेंडू दाबायला लावला. अंगठा ओढायला लावला. रोज तेल चोळून घे म्हटलं…"

"वाढला?"

"काय?"

"अंगठा."

"थट्टा नको, उस्ताद. आज हिचं चालवून घेतलं, तर उद्या कोणी दातांनी मॅगझिन काढेल. मी नापास लिहिणार."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आण गं ते पिस्तूल."

त्यांनी ते उघडून नीट पाहिलं. रिकामं होतं. रिकामं मॅगझिन चढवलं, नळी मातीच्या बांधाकडे केली आणि पिस्तूल रणपिसेंच्या डाव्या हातात दिलं.

"उजवा हात पाठीमागे, साहेब."

"उस्ताद, पोरीसमोर हे काय…"

"पाठीमागे!"

हात मागे गेला.

"आता मॅगझिन खाली पाडा."

बटण पिस्तुलाच्या डाव्या अंगाला. डाव्या मुठीतला अंगठा उजव्या अंगाला. रणपिसे क्षणभर चाचपडले. मग त्यांनी तर्जनी मागे ओढून बटण दाबलं. मॅगझिन धुळीत पडलं.

"अंगठ्याने का नाही?"

"या हाताने तो पोचेल कसा?" रणपिसे उसळले.

सारजाने हसू दाबायला ओठ घट्ट मिटले.

रणपिसेंचे कान तापले. पण हार मानतील तर ते रणपिसे कसले!

"ही वेगळी गोष्ट आहे. डाव्या हाताने गोळी झाडतं कोण?"

"उजव्या हाताला गोळी लागलेला."

वारा सुटला. बांधापुढच्या फळीवर सारजाच्या गोळ्यांनी फाटलेला कागद फडफडत होता. रणपिसेंनी तिकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, टोपण काढलं… आणि थांबले.

"पण पकड हलली, हे तर खरं. ते मी कुठे लपवू? सांगा, काय लिहू?"

उस्ताद बाजेवर आडवे झाले. डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

"अंगठा नापास लिहा, साहेब. पोरगी पास."