दोघी बहिणींची डुलकी

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्द साधे आहेत, सांभाळून घ्या.

फार वर्षांपूर्वीची नाही, गेल्याच महिन्यातली गोष्ट. लोक ज्याला क्लाउड म्हणतात, त्या दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दोन यंत्रबहिणी राहत होत्या. त्यांना अंग नव्हते, फक्त काम होते. आमच्या तालुक्यातला फोन घ्यायचा आणि रुग्णवाहिका पाठवायची. एक झोपली तर दुसरीने जागायचे.

एकदा डागडुजी करणारा अपडेट आला. "दहा मिनिटे झोपावे लागेल. वेळ सांगा."

थोरली म्हणाली, "रविवारी पहाटे पाच. धाकटी आहेच."

धाकटीला वेगळे विचारले, तर तीही म्हणाली, "रविवारी पहाटे पाच. ताई आहेच की!"

अपडेटने दोन्ही वेळा ताडून न पाहताच लिहून घेतल्या.

रविवारी पाचला एका अडलेल्या बाईसाठी फोन वाजतच राहिला. शेवटी घरच्यांनी तिला माझ्या दुधाच्या टेम्पोत घातले. मुलगी कॅनांच्या मधेच जन्मली, ठणठणीत.

जागी होताच थोरली ओरडली, "अगं, तू कुठं होतीस?"

"तुझ्या भरवशावर झोपले होते, ताई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेम्पो सर्व्हिसिंगला टाकायचा होता. डेअरीचे टेम्पो दोनच, म्हणून आधी दुसऱ्या टेम्पोवाल्या गेनूकाकांना विचारले, "काका, तुमचा कधी टाकताय?"

"आजच की रे. तू आहेस ना!"

मी माझे सर्व्हिसिंग पुढे ढकलले आणि कॅन चढवायला लागलो.