कर्कीचं उघडं दार

जिथे रक्त जन्मतं, त्या हाडाच्या पोकळीत फार जुनी रीत होती. मरणाऱ्या पेशीने दार ओढून घ्यायचं आणि गुपचूप जायचं.

कर्की नावाची पेशी मात्र मरायचंच विसरली. तिने लेकीच लेकी वाढवल्या, सगळा शेजार उठवून लावला. शरीराचे पहारेकरी तिला घरचीच समजत.

एके दिवशी औषध आलं. त्याने कर्कीचा जीव पोखरला आणि दाराची कडीही काढून नेली. दार काही लागेना. कर्की घाबरली. एकही लेक फिरकेना, तशी ती ओरडली, "अगं, कुणीतरी या गं!"

पहारेकरी धावले. म्हातारा पहारेकरी उघड्या दारातून पहिल्यांदाच तिला आतून बघत होता. "अरे, ही आपली नव्हेच! हा चेहरा दिसेल तिथे धरा!"

सगळे तिच्या लेकींच्या दारांकडे पळाले. कर्कीपाशी कुणीच थांबलं नाही.