हौदाला हवा कात

देवझरी संस्थानच्या राणीसाहेबांचा पोहण्याचा हौद निळ्या फरशांचा होता. कोवळ्या उन्हात त्याचा निळा उजेड छतावर हलत राही, आणि बघणाऱ्याचे डोळे आपोआप जडावत. पुढे दिवाणजींनी हट्टाने त्यात चुनखडीच्या विहिरीचं पाणी सोडायला लावलं. वर्षभरात फरशांवर पांढरा, खरखरीत थर चढला आणि राणीसाहेबांचे तळवे सोलवटले.

"राखणदारीण आळशी आहे," दिवाणजी दरबारात राणीसाहेबांना म्हणाले. "तिला काढा आणि थर छिन्नीने फोडा."

हौद राखणारी तानूबाई हळू आवाजात म्हणाली, "छिन्नीने निळाईच जाईल, सरकार. थर मी चिंचेच्या कोळाने उतरवते. पण या पाण्यात चुना फार आहे. त्यात तळ्याचं मऊ पाणी मिसळू द्या."

"विहिरीचं पाणी उत्तम आहे. उत्तमात भेसळ कशाला?" दिवाणजींनी विचारलं.

तानूबाईने तबकातलं पान उचललं, त्यावर बोटभर चुना फासला आणि नुसताच विडा दिवाणजींपुढे धरला.

दिवाणजी मागे सरले. "अगं, तोंड पोळेल माझं. यात कात कुठे आहे?"

"चुना उत्तम आहे, दिवाणजी. त्यात भेसळ कशाला?" तानूबाई म्हणाली. "तुमच्या तोंडाला कात लागतो, तसा हौदालाही लागतो. मी तेवढाच मागते आहे."

राणीसाहेब हसल्या आणि त्यांनी तळ्याचा पाट उघडायला सांगितला.

महिन्याभरात फरशा पुन्हा गुळगुळीत झाल्या. सकाळच्या धुक्यात राणीसाहेब इतक्या अलगद तरंगत, की त्या जाग्या आहेत ना, हे बघायला तानूबाई मधूनच काठावरून हाक मारी.