पोचा पडलेली वाटी

फार जुनी नव्हे, स्टीलची भांडी घराघरांत नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. एका घरात एक वाटी होती आणि तिच्या पोटावर नाव घातलेलं होतं, ‘चि. बकुळेस आत्याकडून’. त्या नावाचा तिला कोण तोरा! पण चार वर्षांची बकुळ जेवायला बसली की तीच वाटी फरशीवर दणादणा आपटायची आणि ओरडायची, "आई, वरण!"

वाटी करवादायची, "एक दिवस या कार्टीपायी माझं नाव चेपणार!"

मग बकुळला टायफॉइड झाला. वाटी घासूनपुसून फळीवर जाऊन बसली. "सुटले बाई!" म्हणाली.

पंधरा दिवसांनी ताप उतरला, पण पोर तोंडात काही घेईना. पेजेचा पेला भरलेला जाई नि भरलेलाच परत येई. "डोळेसुद्धा उघडत नाही गं," पेला म्हणाला. "आई नुसती पदराने डोळे पुसतेय."

वाटीने कान दिला. घर केव्हाचंच गप्प होतं. ती हळूहळू फळीच्या कडेशी सरकली, नावावरून एकदा नजर फिरवली आणि दिलं अंग झोकून. ठण्ण!

खाटेवरून बारीक आवाज आला, "माझी वाटी!"

आई धावली. ‘आत्या’च्या जागी भला मोठा पोचा पडला होता. तिने त्याच वाटीत पेज ओतली. बकुळने ती घोटाघोटाने संपवली आणि रिकामी वाटी खाटेच्या दांडीवर हळूच आपटली.

"वाजव गं माझे बाई, वाजव," आई म्हणाली.

"आणि जरा जोरात," वाटी पुटपुटली.