खिडकीतून माल, क्रेट बाहेर

"चार वाजता कंटेनर निघणार. तोवर अठराशे पेट्यांवर लेबलं लागली पाहिजेत," तात्यासाहेब निरगुडे म्हणाले, "आणि सर्व्हरवर एकही नवा ड्रायव्हर चढवायचा नाही."

"तात्या, हे अशक्य आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला पगार देतो. शक्य कामं बाकीची माणसं करतात."

तात्यांचा हट्ट बिनबुडाचा आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला बूड मीच करून दिलं होतं. तात्यांची द्राक्षांची सहा पॅकहाऊस. सगळ्यांचा लेबलांचा प्रोग्राम पुण्याच्या एकाच सर्व्हरवर चालतो. रिमोट डेस्कटॉपमुळे पडदा इथं दिसतो, काम तिथं होतं. आता प्रत्येक प्रिंटरला आपला ड्रायव्हर लागतो, म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं त्या प्रिंटरला समजावून सांगणारा प्रोग्राम. मी उत्साहाच्या भरात सहाही ठिकाणच्या यच्चयावत प्रिंटरांचे ड्रायव्हर सर्व्हरवर चढवले. तेवीस! मागच्या आठवड्यात त्यातल्या एकानं मान टाकली आणि सहाही पॅकहाऊसची छपाई एकदम बंद पडली. 'तेवीस ड्रायव्हर यशस्वीरीत्या बसवले' असं मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तो अहवाल तात्यांनी जपून ठेवलाय.

आज नेमका इथला, म्हणजे दिंडोरीचा, जुना लेबल प्रिंटर गेला. नवा आणला, पण त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवर नव्हता.

"हातानं लिहिलेली लेबलं चालणार नाहीत, दुसरा प्रिंटर मिळणार नाही," तात्यांनी उरलेल्या वाटाही बंद केल्या. "जमलं नाही तर उद्यापासून तीन दिवस क्रेट उचला. आणि लेबलाविना कंटेनर राहिला तर चौथ्या दिवशी यायची गरज नाही."

तात्या गेले आणि मी कामाला लागलो. सर्व्हरमधून बाहेर पडलो, पुन्हा आत गेलो. केबल काढली, तीच केबल पुन्हा लावली. सर्व्हरवरच्या तेविसांतला त्यातल्या त्यात जवळचा ड्रायव्हर निवडून पाहिला, तर प्रिंटरनं चाळीस कोरी लेबलं फेकली आणि एकेचाळिसाव्यावर एक ठिपका काढला. एक वाजला तेव्हा मी प्रिंटरला हात जोडून उभा होतो. खोटं कशाला सांगू?

"काय करू राहिले दादा? पूजा मांडली का?"

दारात शेवंताबाई गांगुर्डे उभ्या होत्या. पॅकहाऊसच्या आवक खिडकीवर त्यांचा कारभार. लेबलं नाहीत म्हणून ती चिकटवणाऱ्या चाळीस बाया हातावर हात ठेवून बसल्या होत्या, तेव्हा त्या चौकशीला आल्या होत्या. मी माझं दुःख मोकळं केलं. त्यांनी ते खांद्यावरच्या रुमालानं हात पुसत ऐकलं आणि टेबलावरचा एक कागद उचलला.

"हा तर चांगला छापलाय की!"

"ती नुसती चाचणी. या कॉम्प्युटरचं आणि या प्रिंटरचं छान जमतं. ड्रायव्हर इथं आहे ना."

"मंग भांडण कोणाशी?"

"पुण्याच्या सर्व्हरशी. लेबलाचा प्रोग्राम तिकडे आहे."

"तिकडं लेबल दिसतं का?"

"दिसतं. छापता येत नाही."

शेवंताबाईंनी मला खिडकीपाशी नेलं. बाहेर मळ्यातून आलेले मातीनं माखलेले क्रेट. बाया घड अलगद उचलून खिडकीतून आत देत होत्या, आत ते धुतलेल्या क्रेटमध्ये पडत होते. मळ्याचा क्रेट तिथूनच माघारी.

"मळ्याचा क्रेट मी आत येऊ देते का?"

"नाही."

"माल अडतो का?"

"नाही."

"मंग तुमचं लेबल तिकडंच एखाद्या पानावर उतरवा अन् नुसतं पान इकडं द्या. छापायचं ते हा छापंल. त्याला अन् पुण्याला तोंडओळख करून द्यायची कशापायी?"

मी नऊ वर्षं या धंद्यात आहे. सर्व्हरवर लेबलांची पीडीएफ करायची, ती फाईल इकडच्या कॉम्प्युटरवर आणायची आणि इथूनच छापायची! सर्व्हरला प्रिंटर माहीत असायचं कारणच नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खुर्चीवर बसायलाही धजलो नाही, उभ्यानंच फाईल आणली.

पहिलं लेबल आलं. मी आनंदानं ओरडणार, तोच शेवंताबाईंनी ते जुन्या लेबलावर ठेवून पाहिलं. "बोटभर आखूड हाये."

छापण्याच्या चौकटीत 'पानात बसवा'समोरची टिकची खूण तशीच राहिली होती, म्हणून लेबल आक्रसलं होतं. ती काढली, लेबल पूर्ण मापाचं आलं. स्कॅनर बारकोडवर धरला. बीप!

साडेतीनला तात्या आले, तेव्हा शेवटच्या पेट्यांवर लेबलं चिकटत होती. त्यांनी स्वतः दहा पेट्या स्कॅन केल्या. मग पुण्याला फोन लावून सर्व्हर तपासायला लावला. नवा ड्रायव्हर एकही नव्हता.

"हे तुमचं डोकं नव्हे," ते मला म्हणाले.

मी शेवंताबाईंकडे बोट केलं.

तात्यांनी त्यांच्यासमोर लेबल नाचवलं. "बाई, सर्व्हर या प्रिंटरला ओळखतसुद्धा नाही. मग त्याचं लेबल यानं छापलंच कसं?"

"साहेब, परदेशातला माणूस आपली द्राक्षं खातो. तो मळ्यातला क्रेट ओळखतो का?"

तात्या असे हसले की हातातला स्कॅनर त्यांच्याच पोटावर बीप करत राहिला.

"लेबलांची खोली आजपासून तुमच्या ताब्यात! पगारही तसा. आणखी काय हवं ते मागा."

शेवंताबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हे दादा तीन दिवस द्या. खिडकीवर क्रेट उचलायला माणूस कमी हाये."

"मंजूर!" तात्या डोळे पुसत म्हणाले.

चारला कंटेनर फाटकाबाहेर पडला. तो मी पाहिला, मळ्याच्या क्रेटांबरोबर, खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं.